प्रफुलच्या हेडफोनची सोंड

आम्ही तिघं एका खोलीत बसून तीन वेगळ्या गावांची कामं करतो. मी पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर तपासतो, वैशाली मुलांना ऑनलाइन गणित शिकवते आणि प्रफुल सुरतच्या एका साडीवाल्या शेठच्या ऑर्डरी सांभाळतो. खोली नंदुरबारात, मिरच्या वाळत घालतात त्या पथारीला लागून. इतकं जवळजवळ बसलं की किस्से ड्रॉवरमधल्या वायरींसारखे साचतात. एक ओढायला जावं, तर अख्खा गुंता हातात येतो. आमच्या गुंत्याच्या मुळाशी बहुतेक वेळा प्रफुलचा हेडफोन असतो.

हा हेडफोन त्याच्या मामांनी दिलेला. मोठा, उशीसारखा मऊ, आणि आवाज असा की गाण्यात तबलजीने मांडी बदलली तरी कळावं. प्रफुल गाण्यांचा वेडा, त्यामुळे तो हेडफोन लहान मुलासारखा जपायचा. फक्त त्याला माईक नव्हता. ऐकायचं हेडफोनमधून आणि बोलायचं लॅपटॉपकडे बघून, अशी सोय.

त्यात प्रफुलचा आवाज मुळात नाजूक. वैशाली म्हणायची, "मी बाजूले बसेल शे, तरी माले ऐकू येत नई." लॅपटॉपच्या माईकला काय ऐकू येणार? खाली मिरचीचे ट्रक यायचे-जायचे, ते मात्र सुरतपर्यंत पोचायचे. एका सोमवारी प्रफुल अर्धा तास मन लावून बोलला. शेठ शांतपणे म्हणाले, "प्रफुलभाई, आपसे तो आपका ट्रक साफ़ बोलता है."

---

प्रफुलच्या ते फार मनाला लागलं. म्हणून मी इंजिनिअरगिरी केली. शर्टाला लावायचा एक छोटा माईक होता, तो सायकलच्या तारेला चिकटपट्टीने गुंडाळला आणि तार हेडफोनला बांधली. तोंडासमोर माईक आला. वैशालीने त्याचं नाव ठेवलं, सोंड.

सोंड थोडी वर आली होती, नाकाखाली. मीटिंग सुरू झाली. प्रफुल नेहमीप्रमाणे आधी सगळ्यांचं ऐकत बसला. पाच मिनिटांनी शेठ म्हणाले, "जे कोणी प्राणायाम करत असतील, त्यांनी आधी आटपून घ्या. मग बोलू."

वैशालीने यावर उपाय काढला. भांडी घासायचा नवा स्पंज गोल कापून माईकवर चढवला. श्वास थांबला, पण प्रफुलच्या तोंडासमोर एक पिवळाधमक गोळा लटकू लागला. त्याची आई डबा द्यायला आली, तिने नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "खात का नाहीस? गार होईल ना."

---

शेवटी खरा माईक मागवला. लांब वाकणारी दांडी, पुढे काळी टोपी आणि मागे लोहचुंबक. हेडफोनच्या बाहेरच्या अंगाला एक चकती चिकटवायची, तिला माईक टक्कन बसतो. नको तेव्हा काढून ठेवायचा. भोक नाही, स्क्रू नाही.

तरी प्रफुलचा जीव होईना. चकती डावीकडे लावायची की उजवीकडे, यावर दोन दिवस गेले. डावीकडे ठरली. मग त्याने ती जागा पुसली, पुन्हा पुसली, आणि चकती दाबताना डोळे मिटून घेतले. वैशाली म्हणाली, "अरे, तुले इंजेक्शन नई दी ऱ्हायनं कोनी."

माईक बसला, पण दांडी वर राहिली, रेडिओच्या एरियलसारखी डोक्याच्याही वर. तेवढ्यात त्याचे बाबूजी आले. त्यांचं किराणा दुकान आहे, त्यामुळे कुठल्याही यंत्राकडे ते एकाच नजरेने बघतात. म्हणाले, "भाव कुठल्या मंडीचे येतात याच्यात?"

---

नव्या माईकची पहिली मीटिंग मी जन्मभर विसरणार नाही. प्रफुल बोलू लागला तसे शेठ एकदम गप्प झाले. त्याचं सगळं बोलणं होऊ दिलं. मग म्हणाले, "जळगावच्या दुकानांना फिक्या रंगांचा माल चालत नाही, हे तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे. मग इतके दिवस का बोलला नाहीत?"

प्रफुल म्हणाला, "दर सोमवारी हेच बोलत होतो."

त्यानंतर जळगावचं सगळं काम शेठनी प्रफुलकडेच दिलं.

---

एकदा वैशालीने तासापुरता हा हेडफोन मागून घेतला. प्रफुलने दिला, पण तास संपेपर्यंत दाराशी उभा राहिला. माईकच्या वायरीवर आवाज बंद करायचं एक बारीक बटण आहे. ते दाबलं गेलं, हे तिला कळलंच नाही. तिने त्रिकोणाचं अख्खं प्रमेय शिकवलं, आकृत्या काढल्या, शेवटी विचारलं, "समजलं का?" पोरांनी माना डोलावल्या.

तास संपल्यावर चिंचपाड्याच्या एका विद्यार्थिनीचा मेसेज आला, 'मॅडम, आज पहिल्यांदा प्रमेय समजलं. रोज असंच शिकवा.'

---

आता प्रफुलच्या लग्नाचं. मुलगी धुळ्याची, नोकरीला बंगळूरला, नाव श्रुती. दोन्हीकडच्या मोठ्यांचं बोलणं झालं होतं. आधी मुलांना कॉम्प्युटरवर बोलू द्या, असं ठरलं. याआधी दोन ठिकाणांहून 'मुलगा काही बोलतच नाही' असं कळवलेलं. म्हणून प्रफुल घाबरलेला. घरात गर्दी, तर कॉल आमच्या खोलीतून करायचा ठरला.

आम्ही उठून निघालो तर म्हणाला, "जाऊ नका, मला सुचणार नाही काही." म्हणून मी आणि वैशाली कॅमेऱ्यात दिसणार नाही असे भिंतीला टेकून बसलो.

आम्हाला त्याचीच बाजू ऐकू येत होती. "हो." "नाही." "हो, मिरचीचाच वास, सवय होते." मग गाण्यांचा विषय निघाला असावा, कारण प्रफुल न थांबता बोलू लागला. त्याला इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. मधेच तो हसलासुद्धा.

मग म्हणाला, "हो, बघून या ना, मी आहे." तिच्या दारावर कुणीतरी आलं होतं. पडद्यावर रिकामी खुर्ची दिसत होती.

प्रफुलने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि खुर्ची आमच्याकडे वळवली. कान लाल झाले होते.

"कशी आहे?" वैशालीने विचारलं.

"फार चांगली आहे," तो म्हणाला. "मला तर हीच पाहिजे. पण मी तिला आवडलो की नाही, कळत नाहीये. आणि हे विचारायचं कसं?"

"सरळ विचार," मी म्हणालो.

"नाही रे. तोंडावर नाही जमायचं मला."

तेवढ्यात टेबलावरच्या हेडफोनमधून बारीक पण स्पष्ट आवाज आला.

"विचारलंत की. आता उत्तर ऐकायचं असेल, तर हेडफोन घाला."