दुसऱ्याच्या पोटातले खडे

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. पुढे डॉक्टर झालो, खामगावात एका दवाखान्यात सोनोग्राफी करू लागलो. त्याचा माज होता मला — माजच म्हणतो, दुसरा शब्द कशाला शोधू?

मोताळ्याकडची सुमनबाई पोट धरून आली. गाव म्हणे, बीटी कपाशीवरच्या फवारणीचं औषध लागलं. सासू म्हणे, वेचणी टाळायचं सोंग. मी पोटावर यंत्र फिरवलं. पित्ताची पिशवी दिसेना. क्वचित कुणाला ती जन्मापासूनच नसते, हे शिकलो होतो की मी! पण ‘दिसली नाही’ असं लिहायचं — मी? लिहिलं: आकसलेली, खड्यांनी भरलेली.

त्या कागदावर भरवसा ठेवून आमच्या सर्जन सरांनी पोट उघडलं. पिशवी नव्हतीच. बाहेर येऊन मला म्हणाले, “जन्मतःच नाही. घरच्यांना नीट समजावून सांग. पुन्हा दुखलं तर लगेच आणा म्हणावं, पित्ताच्या नळीत खडा होऊ शकतो.” कार्डावर त्यांनी तेच लिहिलं, इंग्रजीत. ते त्या घरात कुणाला वाचता येत नव्हतं — हेही मला माहीत होतं.

आमच्याकडे निघालेले खडे बाटलीत घालून नातेवाइकांना देतात. गावभर दाखवले जातात. तिचा नवरा, रामभाऊ, दाराशीच उभा. “खडे दाखवा नं, डाक्टरसाहेब. मायचं तोंड बंद करतो. म्हणते, सून नाटकं करून राह्यली.”

मी आत गेलो. सकाळच्या पेशंटचे खडे ट्रेमध्ये पडले होते. सात उचलले. धुतले. बाटलीत टाकून दिले — “गेलं दुखणं मुळासकट.”

तिची दया आली म्हणून? नाही हो. माझा रिपोर्ट खरा ठरावा म्हणून.

पुढच्या वेचणीत ती पुन्हा कळवळू लागली. सासूनं तीच बाटली तिच्यापुढे धरली — “खडे तं निघाले नं? मंग आता काऊन कण्हून राह्यली वं?” ती ओटी बांधून कापूस वेचत राहिली. दवाखान्यात आणली तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे, अंगात ताप, नळीत अडकलेला खडा, पू. अकोल्याला नेताना वाटेतच गेली.

बाटलीचं हे मला रामभाऊनंच सांगितलं, तेरवी झाल्यावर आला तेव्हा. रडत नव्हता. म्हणाला, “आमचं काई चुकलं का, साहेब?”

सांगायचं तर तेव्हाच होतं. तोंड उघडलंही मी.

“उशीर केला तुम्ही,” म्हणालो.