ताऱ्यासाठी सोडलेला चहा

जगात कुणाचंही काही अडलं की आधी माझ्या सासऱ्यांच्या पोटात गोळा यायचा. पिंपरी पेंढारला शेजाऱ्याची म्हैस व्यायला झाली, तर शेजारी घोरत पडलेला आणि हे त्याच्या गोठ्यात फेऱ्या मारताहेत. टीव्हीवर उंच झेल उडाला की डोळे मिटून म्हणत, "धर लेका, घरी आई बघतीय!" आणि काळजी मोठी असली की चहा बंद.

२००२च्या लग्नसराईत मी त्यांची मुलगी पाहायला गेलो, तेव्हा चहा बंदच होता. तिकडच्या मोठ्या दुर्बिणीवरच्या एका साहेबाला ते दूध घालत. साहेबानं सांगितलं होतं, की आपल्या आकाशगंगेच्या मधोमध एक अगडबंब कृष्णविवर आहे, त्याभोवती तारे फिरतात, आणि त्यातला एक आता अगदी जवळ चाललाय.

"बिनकठड्याच्या विहिरीला सुसाट सायकल घासून न्यावी तसा," सासरे म्हणाले. "सुटंल का वो त्यो?"

मुलगी मला पोह्यांची बशी देतानाच आवडली होती. आता छाप पाडायची म्हणून मी म्हणालो, "पडला तर पडला! आभाळात तारे काय कमी आहेत?"

त्यांचा चमचा हातातच राहिला. "पोरी पन लई हायेत जगात, पावणं. मग हितं कशाला आला?"

सावरायला गेलो आणि आणखी रुतलो. "मामा, तिथला उजेड इथं पोचायला हजारो वर्षं लागतात. व्हायचं ते कधीच होऊन गेलंय."

"पेपर तपासून झालं म्हनून निकालाच्या दिशी पोटात कालवत न्हाई व्हय? त्यो सुटला की बोलू."

म्हणजे माझं लग्न त्या ताऱ्यावर येऊन टांगलं. लग्नसराई सरली, पाऊस सरत आला. ओतूरहून तिला दुसरं स्थळ आलं. मुलगा म्हणे कमी बोलणारा! मी अवसरी बुद्रुकहून एसटीनं जायचो आणि अंगणातूनच विचारायचो, "सुटला का?" ते म्हणत, "न्हाई अजून." आत तिची पावलं थबकलेली मला कळत. पुढं पुढं माझ्याही घशाखाली चहा उतरेना.

दसऱ्याच्या सुमारास असाच त्यांच्या घराकडे निघालो होतो, तर समोरून दुधाचे कॅन खडखडवत त्यांची सायकल आली. "सुटला! जावई, सुटला! पार कडंला जाऊन भाहेर आला!"

मला ताऱ्याआधी 'जावई' ऐकू आलं.

"सोळा वर्सांनी परत येतोय म्हनं," दम घेत ते म्हणाले. "तवा तुमी ध्यान ठेवा."

तो परत आला तेव्हा मामा नव्हते. बायकोनं माझ्यापुढं चहा ठेवला. मी बातमीची वाट पाहत बसलो, कप तसाच राहिला. थोड्या वेळानं पाहिलं, तर तिनं स्वतःसाठी ओतलाच नव्हता.