आईच्या नोकरीमुळे

रत्नागिरीत हायस्कूलला शिकवता शिकवता मी एम.एड. केलं, तेव्हा नवं शतक नुकतंच लागलं होतं. प्रबंधाचा विषय मानसशास्त्रातला होता: आईची नोकरी आणि मुलांची चिंता यांचा सहसंबंध. शाळाशाळांतून प्रश्नावल्या भरून घेतल्या, आलेखावर ठिपके मांडले. ठिपके बरेचसे विस्कटलेलेच होते. फार निरखून पाहिलं तर किंचित वर चढल्यासारखे वाटत. गुणांक धन आला, पण अगदी लहान. शेवटच्या प्रकरणात मी स्पष्ट लिहिलं, की दोन गोष्टी बरोबरीने आढळतात एवढंच यातून कळतं. एकीमुळे दुसरी होते असं नाही. नोकरी करणाऱ्या कितीतरी बायकांच्या घरी नवरा आजारी होता, नाहीतर कामावरून कमी झालेला. त्या घरातलं मूल धास्तावलेलं असेल, तर दोष आईच्या नोकरीचा कसा?

शाळेत माझा सत्कार झाला. तिथे आलेल्या वार्ताहराने दुसऱ्या दिवशी मथळा दिला: ‘आईच्या नोकरीमुळे मुले चिंताग्रस्त’. खाली माझा फोटो.

नेमकी त्याच आठवड्यात धाकट्या जावेला पूर्णगडच्या बाजूच्या एका शाळेत शिक्षणसेविका म्हणून नेमणूक आली होती. तिची मुलगी तेव्हा लहान होती. सासऱ्यांनी पडवीत बसून बातमी मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "घरच्याच माणसाने शोधून काढलंय. आता आणखी काय सांगायचं? ती जाणार नाही."

"मामंजी, मी असं लिहिलेलंच नाही," मी म्हटलं. "वैशाखात आंबा तयार होतो आणि विहिरीही तळाला जातात. म्हणून आंब्यामुळे विहीर आटते का?"

जन्म बागेत गेलेला माणूस. त्यांना ते कळलं, चेहऱ्यावर दिसलं मला. क्षणभर हसलेसुद्धा. मग म्हणाले, "शब्दांचे खेळ पुरे."

"मग मीही सोडते नोकरी. मलाही मुलगा आहेच की."

माझा नवरा घाईने म्हणाला, "तुझं वेगळं आहे. तुझी पर्मनंट आहे."

माझ्या पगारावर घर चालत होतं. माझ्या मुलाच्या चिंतेची कोणालाच चिंता नव्हती. दीर मान खाली घालून उठला आणि बागेत निघून गेला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी जावेला प्रबंधातलं ते पान वाचून दाखवलं. फणस चिरता चिरता तिने सगळं ऐकून घेतलं.

"कळलं, ताई. डी.एड. झालेय मी, कळतं मला. पण हे पान या घरात कोण वाचणार? तुमचं एम.एड. झालं. माझं काय झालं?"

मी वार्ताहराला गाठलं. "बाई, मथळ्यात एवढं सगळं बसत नाही," म्हणाला. खुलासा काही छापला नाही. हजर व्हायची मुदत टळली आणि जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

काही वर्षांनी जावेच्या मुलीला परीक्षेच्या सकाळी उलट्या व्हायला लागल्या. आई तर चोवीस तास घरात, तिच्या डोळ्यांसमोर. सासरे म्हणाले, "जात्याच भित्री आहे पोर." विषय तिथेच संपला.

 जाऊ मुलीची पाठ चोळत मोरीपाशी बसून राहिली. मला पहिला तास होता. मी चपला घातल्या आणि निघाले.