देवळात जातेय

आमची आजी देवळात जाताना कॅनव्हासचे बूट घालायची. पांढरे, नाडीचे. वर सुती पाचवारी आणि खांद्याला पाण्याची बाटली. स्वयंपाकघराच्या दिशेने तोंड करून "देवळात जातेय" म्हणायची आणि संध्याकाळी बुटांना लाल माती लावून परतायची. बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या इमारतीपासून देऊळ चालत सहा मिनिटांवर, तेही डांबरी रस्त्याने. पण आजी धार्मिक आहे यावर घरादाराचा इतका विश्वास, की त्या मातीची चौकशी कुणी केली नाही.

खरं ठिकाण ती एकाच माणसाला सांगायची. "माणूस कुठे निघाला हे कुणाला तरी ठाऊक असावं. एकाला सांगितलं तर निरोप. दोघांना सांगितलं की वरात." आजोबा होते तोवर तो एक माणूस म्हणजे आजोबा. ते गेल्यावर पंधरा दिवसांनी तिने मला गॅलरीत बोलावलं आणि म्हणाली, "आजपासून तू." तीन मुलं, सुना, जावई, नऊ नातवंडं, आणि त्यातून निवडला कोण, तर त्याच वर्षी नववीत गटांगळी खाल्लेला मी. तोवर मला कुणी कबड्डीतसुद्धा निवडलं नव्हतं.

मग पुढची वीस वर्षं मला काय काय ठाऊक होतं! पेणकरपाड्याकडे मोकळी शेतं होती तेव्हा पन्नाशीत ती तिथे सायकल शिकली होती, हे तिने मला गुडघ्यावरचा व्रण दाखवून सांगितलं. अडुसष्टाव्या वर्षी पोहायला शिकली. तेव्हा तिचे ओले कपडे आमच्या गच्चीवर, टाकीमागे मी वाळत घालायचो. घरी 'मंडळाबरोबर यात्रेला जातेय' सांगून गिरनार एकटीने चढली आणि वरून फोन केला तो मला, पण पहिला प्रश्न होता, "आत्याच्या दाढेचं काय झालं?" कारण कुठेही गेली तरी तिचा जीव घरातच. आल्यावर सगळ्यांना जेवायला बोलवायची आणि शेवटचा माणूस येईपर्यंत पानं वाढायची नाही. "माणसं जमली की पोळी आपोआप फुगते," असं तिचं शास्त्र होतं. आमच्या काकाला यायला नेहमी उशीर व्हायचा आणि पोळ्या गार व्हायच्या, ती गोष्ट वेगळी.

त्र्याऐंशीव्या वर्षी तिने मला सांगितलं की शुक्रवारी ती बोटीतून समुद्रात जाणार. आमच्या नाक्यावर मासे विकायला बसणाऱ्या लुसीबाई उत्तनच्या. त्यांच्या मुलाची मासेमारीची बोट. भरती आली की निघायचं, एक फेरी मारून दुपारी परत. "लग्नाच्या आधीपासून मनात आहे रे. किनाऱ्यावरून समुद्र पुष्कळ बघितला. आता समुद्रातून किनारा बघायचाय."

शुक्रवारी मी ऑफिसात बसलो आणि दहाच्या सुमाराला माझे हात गार पडले. तिच्या काळजीने, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मला दिसत होते ते आमचे नातेवाईक, ओळीने उभे राहून विचारणारे, "तुला ठाऊक होतं?" मी बाबांना फोन केला. "फक्त तुम्हाला सांगतोय," म्हणालो. बाबांनी फक्त काकाला सांगितलं. काकाने फक्त आत्याला.

आम्ही दोन रिक्षा करून उत्तनला पोचलो. काकाने वाटेत केबिन रोडवर थांबून पोहायची ट्यूब घेतली होती. लहान मुलांची, बदकाचं तोंड असलेली. दुकानात तेवढीच होती.

भरती नुकतीच भरत होती. आजी बोटीत दोरी धरून बसली होती, बूट पांढरेशुभ्र. आत्या रडायला लागली. काकाने बदक पुढे केलं. बाबा म्हणाले, "आई, खाली उतर." आजीने एकेकाकडे पाहिलं आणि शेवटी बदकाच्या मागे लपलेल्या माझ्याकडे. लुसीबाईंच्या मुलाचा हात धरून ती उतरली आणि माझ्यासमोर आली.

"तुला एकट्याला सांगितलं होतं."

एवढंच. मग आत्याकडे वळून तिला विचारलं, जेवलीस का. लुसीबाईंनी आमच्या सगळ्या वरातीला कालवण-भात घातला. आजी वाढत होती. माझ्या पानात तिने माशाचा मोठा तुकडा घातला.

पुढच्या आठवड्यात ती बूट घालून माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "देवळात जातेय."

मी बरेच उपाय केले. नवे बूट आणले. ते तिने आत्याला दिले. आत्या ते घालून खरोखरच देवळात जाते. शपथा घेतल्या. आजी म्हणायची, "अरे, मी कुठे रागावलेय?" आणि रागावलेली नव्हतीच. रागावली असती तर कधीतरी राग गेला असता.

दोन वर्षांनी लुसीबाईंनी मासे पिशवीत टाकता टाकता सांगितलं, "तुजी आजी लई धीराची हाय. दोनदा आली बोटीत. पयल्यांदा ओकली, मागून न्हाय."

"कुणाबरोबर?"

"तुजी बायको नव्हती का संगं?"

मी घरी आलो. स्मिता कणीक मळत होती. मला का सांगितलं नाहीस, मी विचारलं. ती मान वर न करता म्हणाली, "एकालाच सांगायचं असतं. ती एक मी होते."

"मी नवरा आहे तुझा."

"ठाऊक आहे. म्हणूनच नाही सांगितलं."

घरातल्या दोन बायकांनी मिळून मला फसवलं होतं आणि तक्रार करायला तोंड नव्हतं, कारण सुरुवात माझी होती. त्या दिवशीचे मासे चांगले झाले होते. आजीने मला आग्रहाने दोनदा वाढले.

ती एक्क्याण्णवाव्या वर्षी गेली, घरीच, दुपारी. सगळे आले होते, काकासुद्धा वेळेवर. दोन दिवस ती कुणाशी बोलली नव्हती. मग अचानक पलंगावरून पाय खाली सोडायला धडपडू लागली, पायांनी काहीतरी चाचपू लागली. मी जवळच होतो. खाली वाकून अगदी हळू विचारलं, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं, "आजी, कुठे निघालीस?"

तिने मला ओळखलं. नक्की ओळखलं, कारण ती हसली.

"देवळात जातेय."

मी मान वर केली. स्मिताने पलंगाखालून पांढरे बूट काढले होते आणि ती ते आजीच्या पायांशी, दाराकडे तोंड करून, जोडीने ठेवत होती.