माणसाचं कडवं

नव्वदनंतरची ती वर्षं. सुरतेत नवागामच्या खानदेशी लग्नांत तो बँजोपार्टीबरोबर गायचा. एरवी लूमवर कामाला. त्या खडखडाटानं कान गेलेले, म्हणून गाताना तो नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघायचा. पाय थांबले की गाणं पडलं, हे त्याला कळायचं.

मुलीचं विज्ञानाचं पुस्तक वाचून त्यानं एक गाणं रचलं होतं. पाण्यातला मासा जमिनीवर येतो, पुढे त्याचं माकड होतं, शेवटी माणूस. माकडाचं कडवं आलं की वऱ्हाड अंग खाजवत उड्या मारायचं. तेच कडवं चारचारदा व्हायचं, तोवर वरात मांडवात पोचायची.

मी विज्ञानाचा मास्तर. एकदा त्याच्या कानाशी ओरडून विचारलं, "शेवटचं कडवं का सोडता हो?"

"मास्तर, माकडलोंग समदा नाचतस. माणूसना कडवाले कोनी थांबस नही."

माकडापर्यंत नाचून माणसाच्या कडव्याला न थांबणाऱ्या त्या वऱ्हाडाचा मला संताप आला. मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "आमच्या शाळेत या. तिथं पूर्ण गाणं ऐकतील."

खाडा करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो आला. माकडावर पोरं बेफाम झाली. हेडमास्तरही टाळ्या पिटू लागले. मग त्यानं माणसाचं कडवं धरलं. पोरं चुळबुळली, हेडमास्तरांनी घड्याळ पाहिलं. त्यानं पोरांच्या थांबलेल्या पायांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

लांबून 'परत माकड घ्या' म्हटलं तर त्याला ऐकू येणार नव्हतं. म्हणून मी, विज्ञानाचा मास्तर, सगळ्यांसमोर काखेत खाजवून दाखवलं.