भावोजींचं न आलेलं मशीन

जगात कुठेही हातात धरून खेळायचं नवं गेमचं मशीन निघायचं ठरलं, की त्याच्या कळा पहिल्यांदा वालावलीत आमच्या भावोजींना सुरू होतात. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वय साठीच्या पुढे, सावंतवाडीत लाकडी खेळण्यांचं दुकान, आणि उभ्या हयातीत एकही गेम खेळलेले नाहीत. फोन उचलताना अजून त्यांचा अंगठा चुकतो आणि समोरचा माणूस तुटतो. पण येणाऱ्या मशीनची स्क्रीन किती रुंद, चिप किती ताकदीची, यावर ते असे बोलतात की कारखाना यांच्याच परड्यात असावा. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या व्याह्यांना त्यांनी सोलकढी येईपर्यंत पंखा समजावला. "पंखो बारीक केलो तर मशीन तापतला. तापला तर जोर खंयसून काढतला?" चिप थंड ठेवणारा, मशीनच्या पोटातला पंखा हा. व्याही बिचारे मांडवाच्या पंख्याकडे बघत मान डोलवत होते.

हे वेड त्यांना मुलापायी लागलं. माझा भाचा मालवाहू बोटीवर नोकरीला आहे. बोट बंदराला लागली की तो घरी फोन करतो. पूर्वी या बापलेकांचं बोलणं म्हणजे "जेवलंस?" "होय." "बरो आसस?" "होय." की लगेच "घे, आवशीकडे दितंय," आणि फोन माझ्या बहिणीच्या हातात. भांडण नव्हतं काही. दोघांना एकमेकांशी काय बोलायचं ते सुचत नसे, एवढंच. मग एकदा भाच्याने सहज सांगितलं की एक नवं मशीन येणार आहे, कंपनी काही बोलत नाही, सगळे नुसते अंदाज करताहेत. भावोजी म्हणाले, "कसा आसतला ता?" त्या दिवशी बहिणीची पेज उतू गेली, चूल विझली, तरी फोन काही तिच्याकडे आला नाही. दुसऱ्या दिवसापासून भावोजी अभ्यासाला लागले.

अभ्यास म्हणजे लाकूड. नवी अफवा आली की भावोजी पांगाऱ्याचा तुकडा घेतात आणि त्या अफवेबरहुकूम मशीन कोरतात. जाडी वाढणार म्हटलं की जाड, बटणं खाली सरकणार म्हटलं की खाली. मग ओटीवर बसून ते दोन्ही हातांत धरायचं, डावी-उजवीकडे कलवून बघायचं आणि मुलाला फोटो पाठवायचा. "तुझ्या हातात बसतला काय बघ." नवी अफवा आली की जुनं मशीन बाद. बाद मशीनं बहीण वापरते. एक ताकाच्या भांड्यावर झाकण आहे, एक डगमगत्या मिक्सरखाली, आणि सर्वांत रुंद स्क्रीनच्या मशीनवर ती सुरमई कापते. एक चुकून दुकानात गेलं, ते पुण्याच्या एका बाईंनी साबणाची बशी म्हणून नेलं. भावोजींनी चूक सुधारली नाही. "जुनो अंदाज होतो, जावंदे," एवढंच म्हणाले.

यंदा मात्र मशीन आता येणारच अशी हवा झाली. एका सकाळी भावोजी मला म्हणाले, "देवळात कौल घेवचो आसा. तू चल." आमच्याकडे लग्न ठरवताना, घराचा पाया घालताना, होडी घेताना देवाचा कौल घेतात. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवीकडची पडली तर होकार. भावोजी देवाला स्क्रीनची रुंदी विचारणार अशी माझी खात्री होती, आणि खरं सांगतो, मी निव्वळ हसायला गेलो.

गुरवाने पाकळ्या लावल्या आणि मागणं विचारलं. भावोजींनी माझ्याकडे एकदा बघून ते त्याच्या कानात सांगितलं. गुरवाच्या कपाळाला आठीसुद्धा पडली नाही. त्याने मोठ्याने गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा महाराजा, तुझ्या ह्या लेकराचो झील दर्यार आसा. तेचा जा काय मशीन येवचा आसा ता येवंदे, पण सावकाश येवंदे. ता इला काय झील खेळात बसतलो, आणि बापाशीक बोलाक काय्येक उरूचा नाय. तर ह्या बापाशीची आणि झिलाची बोलणी अशीच चालू ऱ्हवंदेत, रे महाराजा."

"व्हय महाराजा," भावोजी हात जोडून म्हणाले.

गाऱ्हाण्याला हजर असेल त्याने व्हय म्हणायचं असतं. मला वाईट वाटलं, भावोजींसाठी आणि थोडं माझ्या हसण्यासाठीही. माझं "व्हय महाराजा" त्यांच्यापेक्षा मोठ्याने निघालं. पाकळी बराच वेळ हलली नाही. मग उजवी पडली.  परतताना वाटेत भावोजींनी बांगडे घेतले.

मशीन अजून आलेलं नाही. आज ना उद्या येईलच, देव तरी किती दिवस धरून ठेवणार. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण सकाळी चहाबरोबर आधी तीच बातमी शोधतो आणि तारीख ठरलेली नाही असं दिसलं की बरं वाटतं. परवा बहिणीकडे गेलो तर भावोजी ओटीवर लाकूड तासत बसले होते. शेजारी पाटावर फोन ठेवलेला, आणि त्यातून भाच्याचा आवाज येत होता.

"नाय रे झिला, बॅटरी इतकी टिकूची नाय," भावोजी म्हणत होते. "तुका कित्याक वाटता तसा? सांग बघू."

मी ओटीवर चढलो नाही. वळसा घालून मागच्या दाराने आत गेलो.