साहेबाचं टाकं आणि चैतराम फुफाजी

चैतराम म्हणजे माझ्या आत्याचा नवरा. आमच्या बालाघाटात मराठी घरांतही हिंदी मुरलेली, म्हणून आत्याच्या नवऱ्याला आम्ही फुफाजी म्हणतो. तोंडावर मी त्याला जन्मभर अहो-जाहो केलं. इथं अरे-तुरे करणार आहे. मेलेल्या माणसाची निंदा करू नये, असं मी शाळेत पोरांना शिकवतो. पण या माणसाच्या बाबतीत ते मला जमत नाही.

मँगनीज कंपनीच्या गोऱ्या मॅनेजरच्या बंगल्यावर तो चौदा वर्षं नोकरीला होता. काम काय, तर टॉवेल धरायचं. बंगल्यामागं साहेबानं पोहायला टाकं बांधून घेतलं होतं. खाली खडक होता, खोदता येईना, म्हणून ते जमिनीवरच उभं केलेलं. जमीन उताराची. त्यामुळं एका टोकाला भिंत कमरेला लागे आणि दुसऱ्या टोकाला माणसाच्या डोक्याच्या वर जाई. रोज सकाळी साहेब आणि मडम त्यात उतरायचे, आणि चैतराम टाक्याकडं पाठ करून, दोन्ही हातांवर टॉवेल पसरून उभा राहायचा. मडमेच्या अंगावर कपडे नावालाच, म्हणून वळून बघायची सक्त मनाई. साहेबाचा हुकूम दोन शब्दांचा होता, "उधर देखो." हाक आली की उलट्या पावली मागं जायचं आणि टॉवेल खांद्यावरून द्यायचा. एकदा टाक्यात फार वेळ सामसूम झाली म्हणून चैतरामनं मान वळवली. साहेब पाण्यावर उताणा पडून आभाळ बघत होता. त्यानं बाहेर येऊन चैतरामच्या थोबाडीत मारली आणि पुन्हा जाऊन पाण्यावर पडला.

ती थोबाडीत चैतरामनं घरी आणली. माझी आत्या रुख्माबाई, लालबर्र्याच्या शेतकऱ्याची लेक, पाटीभर चिखल डोक्यावर घेऊनही ताठ चालणारी बाई. तिनं काय केलं की मार बसेल, हे तिला कधीच कळलं नाही, कारण तसा काही नियमच नव्हता. त्यांना मूलबाळ झालं नाही, त्याचाही दोष तिच्याच माथी. आम्ही माहेरची माणसं मूग गिळून बसलो. मीही बसलो.

सत्तावन्न साली साहेब विलायतेला परत गेला आणि बंगल्याला कुलूप लागलं. आठ वर्षांनी तो विकायला निघाला. बंगला एका लाकडाच्या ठेकेदारानं घेतला. मागचा उतार, नोकरांची एक खोली आणि ते टाकं कुणालाच नको होतं. चैतरामला हवं होतं. त्याला एकदा, निदान एकदा त्या पाण्यात उतरायचं होतं, आणि बाहेर कुणीतरी पाठ करून टॉवेल धरून उभं राहायला हवं होतं. त्याच्या आयुष्यातली ही एकच इच्छा मला ठाऊक आहे.

त्यासाठी आत्याची लालबर्र्याची बांधी गेली. बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत. आजोबांनी ती तिच्या नावावर करून दिली होती, आणि दर आषाढात ती तिथं स्वतः रोवणीला जायची. वर्षातले तेवढेच दिवस ती मोठ्यानं हसायची. कागदावर तिचा अंगठा आहे. साक्षीदार म्हणून सही माझी आहे. "मास्तर हायेस, तूच कर," असं चैतराम म्हणाला आणि मी केली. लाज वाटली होती, पण सही न करण्याइतकी नाही.

टाक्याची दशा बघण्यासारखी होती. गुडघाभर काळा गाळ, त्यावर शेवाळ, आणि बेडकं इतकी की खोलीत बोललेलं ऐकू येईना. भिंतीच्या फटीत पिंपळ उगवला होता. पिंपळाला हात लावायला एकही मजूर तयार होईना. चैतराम आत्याला म्हणाला, "तू उपट. तुले काय, लेकरू ना बाळ." तिनं पिंपळाला पाणी घातलं, हात जोडले आणि मुळासकट उपटून नदीकाठी नेऊन लावला.

गाळ तिनंच काढला. मी रविवारी पाट्या उचलायला जायचो, पण रोज राबणारी तीच होती. चैतराम काठावर खुर्ची टाकून बसायचा आणि साहेबाच्या हिंदीत हुकूम सोडायचा. टाकं धुऊन पहिल्यांदा पाणी भरलं, तर सकाळी चार बोटं उतरलेलं. गवंडी म्हणाला, सगळा गिलावा नव्यानं करावा लागेल. आत्यानं पाण्यात मूठभर गुलाल सोडला आणि काठानं फिरत राहिली. गुलाल जिकडं ओढला जाई, तिथं ती बाहेरून कोळशाची खूण करी. मग पाणी काढून तिनं राईस मिलमधून कोंड्याची राख आणली, चुन्यात मळली आणि एकेक फट बुजवली. बांधी फुटली की बांध कसा धरायचा, हे तिच्या हातात होतं. पुन्हा भरलेलं पाणी तसूभर हललं नाही.

चैतरामनं त्यात बोट बुडवलं आणि म्हणाला, "तळ खरबुडा हाय. साहेबाचा कसा काचेवानी होता."

पाणी पुन्हा काढलं. नदीतला गुळगुळीत गोटा घेऊन आत्यानं सगळा तळ घोटला, उकिडवी बसून, महिनाभर. तिचे गुडघे सुजले. तळ असा झाला की माशी बसली तरी घसरावी. ती तेव्हा बोलली, "पाय ठरनार नाही इथं." चैतराम म्हणाला, "तुले कोन उतरवून राह्यलं आत?"

मग तालीम झाली. ही मी डोळ्यांनी पाहिली आहे. टाकं रिकामं. चैतराम चड्डीवर आत उतरला, भिंत धरून. आत्याला टर्किश टॉवेल देऊन बाहेर पाठमोरी उभी केली. दोन मजूर, मी, सगळे बघत होतो. आतून तो सांगू लागला. "पयले असा आवाज येते," आणि तळहातानं भिंतीवर धपाधप मारलं. "मंग असा," आणि तांब्यातलं पाणी तोंडात घेऊन गुळण्या केल्या, थुंकला, घशातून घरघर काढली. "मंग काहीच येत नाही. तवा वळाचं नाही. मी हाक मारीन तवाच." आणि तो गप्प झाला. बराच वेळ काही ऐकू येईना. आत्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याला काही झालं. तिनं मान वळवली.

तो शिडी चढून बाहेर आला आणि सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली. "उधर देखो," म्हणाला. परत आत गेला. परत धपाधप, परत गुळण्या, परत सामसूम. या वेळी ती वळली नाही. मजूर हसले. मी चपलेवरची माती झटकत राहिलो.

मी नंतर त्याला विचारलं होतं, "फुफाजी, तुमाले पोहता येते काय?"

"चौदा वर्सं उभा होतो तिथं," तो म्हणाला. मला ते पुरेसं उत्तर वाटलं. त्यालाही वाटलं होतं. चौदा वर्षं टाक्याकडं पाठ करून उभ्या असलेल्या माणसानं पोहणं पाहिलेलंच नाही, नुसतं ऐकलेलं आहे, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

सहासष्टच्या एप्रिलात टाकं काठोकाठ भरलं. आमची शाळा सकाळची होती. ती सुटल्यावर साडेअकराला मी भाड्यानं आणलेला पंप परत न्यायला गेलो. आत्या टाक्याबाहेर उन्हात उभी होती. पाठ टाक्याकडं, दोन्ही हातांवर पांढरा टॉवेल. पदर घामानं चिकटलेला, पण हात खाली आलेले नव्हते.

"फुफाजी निंघाले नाही काय अजून?" मी विचारलं.

"हाक नाही आली," ती म्हणाली.

"कवापासून उभी हायेस?"

"आठ वाजतापासून."

मी शिडी चढून आत पाहिलं. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळ दिसत होता. चैतराम खोल टोकाला खाली पडला होता. उथळ टोकाला उतरला असणार, पाय टेकताच त्या घोटलेल्या उतारावरून घसरत तिथवर गेला असणार. हातपाय आपटले असतील, नाकातोंडात पाणी गेलं असेल, घरघर झाली असेल. मग काहीच आलं नसेल. अगदी शिकवल्याबरहुकूम.

पोलीस आले, पंचनामा झाला. सगळ्यांनी आत्याला तेच विचारलं आणि ती तेच सांगत राहिली, "त्यायनं सांगतलं होतं, वळाचं नाही." मजुरांनी साक्ष दिली की हो, असंच शिकवलं होतं आणि मारलंही होतं. गावानं तिला डोक्यावर घेतलं. नवऱ्याच्या शब्दाखातर साडेतीन तास उन्हात उभी राहिली म्हणून बाया तिच्या पाया पडायला येऊ लागल्या. एरवी तिला दारात उभी न करणाऱ्या ठेकेदाराच्या आईनं तिची ओटी भरायला काढली, मग विधवेची कशी भरायची म्हणून थांबली आणि नुसते तांदूळ दिले.

बैलबंडीतून माती आणून आत्यानं त्या उन्हाळ्यात टाकं भरत आणलं. लोकांना वाटलं, दुःखानं बुजवून राहिली. आषाढात मी गेलो, तर मातीवर वीतभर पाणी साचलेलं. राखेनं बुजवलेल्या फटींतून थेंब झिरपत नव्हता. ती गुडघाभर चिखलात वाकून धान रोवत होती. परे, म्हणजे रोवणीची धानाची रोपं, तिनं लालबर्र्याहून आणली होती, तिच्याच विकलेल्या बांधीतून, नव्या मालकाकडं मागून.

मी काठावर बसलो. तीन महिने न विचारलेलं शेवटी विचारलं. "आत्या, आतमंदी काय होऊन राह्यलं, तुले समजलं नोयतं काय?"

तिनं रोपांचे दोन चूड रोवले, मग म्हणाली, "समजलं होतं. धपधप सुरू झाली तवाच समजलं."

"मंग?"

"मंग काय. उधर देखो म्हनलं होतं. पाह्यलं उधर. तिकडून लालबर्र्याची मोटार जाते ना, ते पाहत होती." तिनं पऱ्यांची एक जुडी माझ्याकडं धरली. "तू काहून बसला हायेस? चपला काढ अन् ये."

मी चपला काढल्या आणि उतरलो.